मायोर्कातून खग्रास सूर्यग्रहण बघायचंय? आधी पश्चिमेचं क्षितिज बघा

१२ ऑगस्ट २०२६, बुधवार. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा ग्रीनलँड, आइसलँड करत स्पेनच्या उत्तर भागावरून येतो आणि भूमध्य समुद्रातल्या बॅलेरिक बेटांवर, म्हणजे मायोर्का, इबिझा आणि मेनोर्कावर, सूर्यास्ताच्या अगदी तोंडावर संपतो. भारतातून हे ग्रहण दिसणार नाही, तिकडे साडेआठ वाजतील तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र झालेली असेल. म्हणून बरेच जण स्पेनला जायचा विचार करतायत आणि मला रोज कोणी ना कोणी तेच प्रश्न विचारतं, व्हिसा कसा, राहायचं कुठे, गाडी घ्यायची का, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

माझं थोडं सांगते म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतेय ते कळेल. २२ जुलै २००९ ला सुरतला गेले होते, पावसाळी ढगांत काहीच दिसलं नाही, फक्त भर सकाळी अंधार झाला आणि पक्षी गप्प झाले. मग थेट ८ एप्रिल २०२४ ला चुलत भावाकडे अमेरिकेत डॅलसला, तिथे ढगांच्या फटीतून खग्रास बघितलं आणि रडले. आता मायोर्का. माझी नणंद बार्सिलोनाला असते, त्यामुळे मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा मुद्दाम चार दिवस मायोर्काला जाऊन जागा बघून आलो. १२ ऑगस्टच्या संध्याकाळी ८:३१ ला सूर्य नेमका कुठे असतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तिथेच आमचा निम्मा प्लॅन बदलला.

१. सगळ्यात आधी हे समजून घ्या: सूर्य फक्त दोन-अडीच बोटं वर असणार

पाल्मा शहराचे आकडे लक्षात ठेवा. खंडग्रास सुरू होतं ७:३८ च्या आसपास, खग्रास ८:३१ ला, टिकतं साधारण १ मिनिट ३६ सेकंद, आणि सूर्यास्त ८:४९ च्या आसपास. खग्रासच्या वेळी सूर्याची उंची जेमतेम अडीच अंश. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली की ती साधारण एक अंश झाकते, म्हणजे क्षितिजापासून दोन-अडीच करंगळ्या वर सूर्य, बस. दिशा २८७ अंश, म्हणजे बरोबर पश्चिमेला तोंड करून उभं राहिलात तर तिथून दीड मुठीपेक्षा थोडं जास्त उजवीकडे.

डॅलसला सूर्य डोक्यावर होता, पार्किंगमध्ये उभं राहूनसुद्धा दिसलं असतं. इथे तसं नाही. समोर चार मजली बिल्डिंग, पाइनची झाडं, एखादी छोटी टेकडी, काहीही आलं तरी ग्रहण गेलं. ‘आम्ही मायोर्कात आहोत म्हणजे पट्ट्यात आहोत’ एवढ्यावर खूश होऊन बसू नका, पट्ट्यात असणं आणि सूर्य दिसणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुण्या-मुंबईतल्या लोकांनी एक सराव जरूर करा. पावसाळा सोडून कधीही अलिबाग, हरिहरेश्वर, गुहागर कुठेही गेलात की सूर्यास्ताच्या दहा-बारा मिनिटं आधी हात लांब करून करंगळी लावा. त्या उंचीवर सूर्य किती लाल होतो, समुद्रावरच्या धुरकटपणात किती विरतो ते बघून ठेवा. मला हे बघितल्यावर पहिल्यांदा भीती वाटली, पण बघितलं ते बरंच झालं.

२. बेट निवडा

इबिझाला सूर्य थोडा वर असेल पण खग्रास फक्त मिनिटभर किंवा थोडंसं जास्त. मेनोर्का आणखी पूर्वेला असल्यामुळे सूर्य मायोर्कापेक्षाही खाली, मात्र बेट सपाट आहे आणि पश्चिम टोकाच्या सिउतादेयाच्या बाजूने समुद्र मोकळा आहे, त्यामुळे तिथे जागा शोधायला त्रास कमी. मायोर्कात वेळ जास्त मिळतो, विमानं जास्त, बसची सोय चांगली. आम्ही मायोर्का घेतलं, पुढचं सगळं त्याबद्दल.

३. जागा शोधा (इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा)

मायोर्काच्या वायव्य किनाऱ्याला लागून त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे, १४०० मीटरच्या वर जाते. आपल्याकडे कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे ना, तसंच समजा. डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूला असलात तर समोर फक्त पाणी आणि आकाश. डोंगराच्या मागे, म्हणजे मधल्या सपाटीवर किंवा पाल्माच्या बाजूला असलात तर सूर्य डोंगराआड.

आम्ही फसलो ते असं. ११ तारखेला संध्याकाळी सांत एल्मला गेलो, बेटाच्या पश्चिम टोकाचं गाव, नकाशावर बघितलं तर यापेक्षा पश्चिमेला काहीच नाही असं वाटतं. पण समोरच द्रागोनेरा नावाचं साडेतीनशे मीटर उंच बेट आहे! सूर्य त्याच्या मागे कधीच गडप झाला, घड्याळात अजून साडेआठसुद्धा झाले नव्हते. सूर्यास्त बघायला तिथे गर्दी असते, फोटो सुंदर येतात, ग्रहणासाठी मात्र गावातला किनारा चालणार नाही.

दुसरा सापळा पोर्त दे सोयेर. गोल खाडी, छान बीच, हॉटेलं रांगेने, पण बीचवर बसलात तर पश्चिमेकडचा सुळका आड येतो. त्याच गावात वर दीपगृहापर्यंत चढून गेलात की चित्र एकदम बदलतं.

तिसरा म्हणजे पाल्माचा समुद्रकिनारा. समुद्र आहे म्हणजे सूर्य समुद्रात बुडणार असं आपण मुंबईच्या सवयीने धरून चालतो, पण पाल्माची खाडी दक्षिणेकडे उघडते आणि वायव्येला टेकड्या आहेत.

१२ तारखेला आम्ही बान्यालबुफार गावाजवळच्या जुन्या टेहळणी बुरुजापाशी गेलो. कड्यावर आहे, खाली सरळ समुद्र. ८:३१ ला सूर्य लालसर पण पूर्ण स्पष्ट, खाली दोन-अडीच करंगळ्यांची मोकळी जागा, माझ्या लेकीने हात लांब करून तीन वेळा मोजलं. देया आणि व्हालदेमोसाच्या मधल्या सा फोरादादाच्या वरची जागाही अशीच चांगली वाटली. उंचीचा आणखी एक फायदा आहे, समुद्रापासून २५० मीटर वर उभं राहिलात तर क्षितिज साधारण अर्धा अंश खाली जातं, म्हणजे एका सूर्यबिंबाएवढी जास्त जागा मिळते. फार नाही, पण इथे तेवढंही मोलाचं.

तिकडे आधी जाता येत नसेल तर घरबसल्या तपासायची साधनं:

- स्टेलेरियम: जागा, तारीख, वेळ टाका, सूर्याची दिशा आणि उंची मिळते.
- गूगल अर्थ: जमिनीच्या पातळीवर उतरा आणि २८७ अंशाकडे बघा, डोंगर आड येतोय का ते कळतं.
- पीकफाइंडर अॅप: कुठल्याही बिंदूवरून क्षितिजाची रेघ कशी दिसेल ते काढून देतं, मला हे सगळ्यात उपयोगी वाटलं.
- स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा ग्रहणाचा नकाशा: खग्रासच्या वेळा सेकंदापर्यंत देतो.

आणि एप्रिलच्या शेवटी कोणी ओळखीचं तिकडे जाणार असेल तर त्यांना सांगा, ३० एप्रिलच्या आसपास सूर्य १२ ऑगस्टच्याच ठिकाणी मावळतो, त्यांच्याकडून सूर्यास्ताचा फोटो मागवा.

४. राहायचं बुकिंग: जिथून बघणार तिथेच राहा

ऑगस्ट म्हणजे बेटावरचा सगळ्यात महाग महिना, त्यात १५ ऑगस्टला स्पेनमध्येही राष्ट्रीय सुट्टी असते (त्यांची ती मारियेच्या स्वर्गारोहणाची), त्यामुळे तो अख्खा आठवडा भरलेला. पाल्मात स्वस्त खोली घेऊन संध्याकाळी गाडीने डोंगरापलीकडे जाऊ हा विचार पहिल्यांदा आमचाही होता, पण तो एमए-१० रस्ता आमच्या वरंधा घाटासारखा आहे, अरुंद, वळणावळणाचा, एकीकडे दगडी भिंत एकीकडे दरी, आणि पार्किंग म्हणजे दहा-पंधरा गाड्यांची जागा. साध्या ऑगस्टच्या संध्याकाळी आम्हाला बुरुजापाशी गाडी लावायला चाळीस मिनिटं लागली. ग्रहणाच्या दिवशी रस्ते बंद करतील किंवा फक्त बस सोडतील हे धरूनच चाला. बेटाच्या उत्तरेच्या फोर्मेंतोर टोकाकडे तर दर उन्हाळ्यात खाजगी गाड्यांवर निर्बंध असतात.

म्हणून समुद्राच्या बाजूच्या गावातच, चालत जाता येईल अशा अंतरावर खोली घ्या, लहान असली तरी चालेल. ११, १२ आणि १३ अशा तीन रात्री तरी तिथे, बाकीचे दिवस कुठेही राहा.

एक वाईट अनुभव सांगते. आमचं पहिलं बुकिंग एका हॉटेलने पाच महिन्यांनी ‘तांत्रिक चूक’ म्हणून रद्द केलं आणि तीच खोली तिप्पट भावाने परत दिसायला लागली. तेव्हापासून मी दोन जागी रद्द करता येणारं बुकिंग ठेवलंय, आणि हॉटेलला ईमेल लिहून बुकिंग पक्कं असल्याचं उत्तर मागवून प्रिंट काढून ठेवलीये. दुसरं बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, नाहीतर दोन्हीचे पैसे जातील.

५. व्हिसा

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, त्यामुळे पॅरिसला सहा दिवस आणि मायोर्काला तीन असं असेल तर अर्ज फ्रान्सकडे. स्पेनसाठी भारतात बीएलएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागद द्यायचे असतात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी. निर्णयाला नेहमीचे १५ दिवस, पण ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडून सुट्टीची गर्दी असते, म्हणून जमेल तेवढा लवकर अर्ज करा.

कागद:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही बरोबर न्या.
- भरलेला फॉर्म आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवे फोटो.
- जाण्यायेण्याच्या तिकिटाचं बुकिंग आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल, सगळ्यांची नावं असलेलं.
- किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, शेंगेनला चालणारा.
- बँक स्टेटमेंट (शिक्का आणि सही असलेलं), आयटीआर, पगाराच्या स्लिपा.
- ऑफिसचं रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याची नोंदणी. मुलांसाठी शाळेचं पत्र, जन्मदाखला, आणि आईवडिलांपैकी एकच बरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.
- एका पानाचं पत्र: कुठे, कधी, का. ‘खग्रास सूर्यग्रहण बघायला जातोय’ असं मी सरळ लिहिणार आहे, तारखा त्याशिवाय समजत नाहीत.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना नाही. केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

नातेवाइकांकडे राहणार असाल तर नीट वाचा. आम्हाला वाटलं नणंदेचं पत्र पुरेल. पुरत नाही! स्पेनमध्ये यजमानाला पोलिसांकडून रीतसर निमंत्रणपत्र काढावं लागतं, त्याला आठवडे लागतात आणि ते मूळ प्रतीत भारतात यावं लागतं. आमची त्यात खूप धावपळ झाली, शेवटी बार्सिलोनात हॉटेल बुक करून तेच कागद जोडले. या वेळी सरळ हॉटेल.

अपॉइंटमेंटसाठी फक्त अधिकृत साइटवर जा. एका एजंटने आमच्याकडून स्लॉटचे वेगळे पैसे घेतले आणि दिलेली तारीख खोटी निघाली, केंद्राच्या दारातून परत आलो.

बार्सिलोना ते पाल्मा हा देशांतर्गत प्रवास, त्यामुळे सिंगल एंट्री पुरते. पण लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर आधी ट्रान्झिट व्हिसाचे नियम बघा. आणि आता सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत आलीये, एप्रिल २०२६ पासून सगळीकडे लागू, रांगा लांब होणार, तेव्हा पहिल्या विमानतळावर कनेक्शनसाठी किमान तीन-चार तास ठेवा.

६. पोचायचं कसं

मुंबईहून पाल्माला थेट विमान नाही, फ्रँकफर्ट, माद्रिद, बार्सिलोना अशा कुठल्यातरी मोठ्या ठिकाणी बदलून जावं लागतं. बार्सिलोनाहून रात्रीची बोटही आहे, सात-आठ तासांत सकाळी पाल्मा. आम्ही बोटीनेच गेलो होतो, केबिन घ्या, खुर्चीवर झोप होत नाही. १० तारखेला संध्याकाळपर्यंत बेटावर असायलाच हवं, एक विमान चुकलं किंवा बॅग मागे राहिली तरी एक दिवस हातात राहतो.

गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आणि बहुतेक गाड्या हातगिअरच्या.

७. ढगांचा हिशोब

ऑगस्टमध्ये तिथे ऊन कडक आणि पाऊस दुर्मीळ, त्यामुळे सुरतसारखं होईल असं समजू नका. पण सूर्य इतका खाली असल्यामुळे तुमच्या डोक्यावरचं आकाश स्वच्छ असून उपयोगाचं नाही, तुम्ही बघताय ते शंभर-दोनशे किलोमीटर लांबचं आकाश. त्या रेषेत समुद्र ओलांडला की स्पेनची मुख्य भूमी येते, कास्तेयोन आणि एब्रो नदीचा भाग, आणि तिथल्या डोंगरांवर उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात, दहा-बारा किलोमीटर उंच. असा एखादा ढग बेटावरून छोटा कोंबडीच्या तुऱ्यासारखा दिसेल, पण नेमका सूर्यासमोर येईल. म्हणून सॅटेलाइटचं चित्र बघताना बेटाचं नको, पश्चिम-वायव्येला दोनशे किलोमीटरपर्यंतचं बघा. सहारातली धूळ आली तरी क्षितिज मळकट होतं, स्पेनचं हवामान खातं त्याचा अंदाज देतं.

अंदाज फारच वाईट असेल तर निर्णय ११ च्या रात्री किंवा १२ च्या सकाळी घ्या. दुपारी चारनंतर जागा बदलायला निघू नका, घाटात अडकलात तर खग्रास गाडीच्या काचेतूनही दिसणार नाही.

८. डोळे

आयएसओ १२३१२-२ प्रमाणाचे ग्रहण चष्मे इथूनच, ओळखीच्या खगोल संस्थेकडून घेऊन जा, माणशी दोन. काचेवर ओरखडा किंवा छिद्र असेल तर टाकून द्या. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, काहीही नको.

आता या ग्रहणाचा खास धोका ऐका. सूर्य खाली, लालसर, मऊ दिसणार, आपण मावळता सूर्य नुसत्या डोळ्यांनी बघतोच ना, असं सगळ्यांना वाटणार. चंद्रकोरीएवढा सूर्य उरला तरी चष्मा लावूनच बघायचं. धुरकटपणामुळे चष्म्यातून काही दिसेनासं झालं तर दुसरीकडे बघा, चष्मा काढून डोकावू नका. मुलांना हे आदल्या दिवशी दोनदा सांगा.

चष्मा काढायचा तो फक्त खग्रासमध्ये, हिऱ्याची अंगठी (सूर्याचा शेवटचा लखलखता ठिपका) चमकून विझली की. आणि ते दीड मिनिट चष्मा काढायलाच हवा, नाहीतर काळोखाशिवाय काही दिसणार नाही. डॅलसला माझ्या शेजारची एक बाई शेवटपर्यंत चष्मा लावून बसली होती, मी ओरडून सांगितलं तेव्हा शेवटचे वीस सेकंद मिळाले तिला.

९. १२ तारखेची संध्याकाळ

चार वाजता जागेवर. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, बसायला चटई, परतीसाठी टॉर्च कारण कड्यावरून अंधारात उतरायचंय. विस्तव, सिगारेट काही नाही, ऑगस्टमध्ये तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. खाणं बरोबर ठेवा, शाकाहारी असाल तर पा आंब ओली, म्हणजे टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल चोळलेला पाव, पोटभर होतो. एन्साइमादा नावाचा गोल गोड पाव सगळीकडे मिळतो पण त्यात डुकराची चरबी असते, नावच त्यावरून आहे, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिलंच खग्रास असेल तर फोटोच्या मागे लागू नका. फोन दगडाला टेकवून रुंद व्हिडिओ सुरू करून ठेवा, त्यात अंधार आणि माणसांचे आवाज येतील, ते नंतर फार प्रिय वाटतात. साडेआठ वाजता समुद्राकडे लक्ष ठेवा, चंद्राची सावली त्याच बाजूने तुमच्याकडे येणार. खग्रास झालं की आधी प्रभाकिरीट, म्हणजे काळ्या चंद्राभोवतीचं सूर्याचं पांढरं तेजोवलय, डोळे भरून बघा, मग डावीकडे वर शुक्र चमकताना दिसेल, मग एकदा मागे वळून पूर्वेचं आकाश बघा, आणि परत सूर्याकडे. एवढ्यात वेळ संपतो. खग्रास संपताना पुन्हा हिरा चमकला की लगेच चष्मा.

त्यानंतर उठून गाडीकडे पळू नका. अजून पंधरा मिनिटांनी ग्रहण लागलेला सूर्य, कोरीच्या आकारात, समुद्रात बुडणार आहे. आणि त्याच रात्री ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव ऐन भरात असतो, अमावस्या असल्यामुळे चंद्राचा उजेड नाही. रस्ते मोकळे व्हायला मध्यरात्र होणारच आहे, तोपर्यंत चटईवर आडवे व्हा.

१०. या वेळी जमलं नाही तर

२ ऑगस्ट २०२७ ला पुढचं खग्रास आहे, स्पेनचं दक्षिण टोक, मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त, आणि भूमध्य समुद्रातलं इटलीचं छोटं लांपेदूसा बेटही पट्ट्यात येतं. तिथे सूर्य चांगला वर असेल. इजिप्तमधल्या लक्झरला तर खग्रास सहा मिनिटांपेक्षा जास्त. भारतात मात्र २० मार्च २०३४ पर्यंत थांबावं लागेल, तेही काश्मीर-लडाखच्या बाजूला. आपल्या करमाळ्याजवळच्या जेऊरला १८९८ मध्ये खग्रास झालं होतं तेव्हा अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोक दुर्बिणी घेऊन तिथे उतरले होते, पुण्याहून खगोलशास्त्रज्ञ नेगमवाला गेले होते. मी अजून जेऊर बघितलेलं नाही, मायोर्काहून आल्यावर जायचंय.